सकारण नकार

माझे बाबा वकील आहेत आणि त्यांनी आजवर मला कशालाही 'नाही' म्हटलेलं नाही. हे ऐकलं की लोक म्हणतात, अगं, किती भाग्यवान तू! डोंबलाचं भाग्य. ज्याच्या तोंडून 'नाही' निघत नाही तो मनाने फार चांगला असतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या ऑफिसात येऊन बसावं. चहा मिळेल, खुर्ची मिळेल, उत्तर मिळणार नाही.

आमचं घर वर आणि ऑफिस खाली. मधे जिना. जिना जिथे वळतो तिथे दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी सपाट जागा आहे आणि तिथल्या भिंतीला एक पितळी खुंटी आहे. बाबा संध्याकाळी ऑफिस आटोपून वर येतात, खुंटीपाशी थांबतात, काळा कोट काढतात, झटकतात, खुंटीला लावतात आणि मग उरलेल्या पायऱ्या चढतात. खुंटीच्या खाली ते सर, खुंटीच्या वर बाबा. खाली मी त्यांना 'तुम्ही' म्हणते, वर 'तू'. नव्या माणसाला हे ऐकून चक्कर येते, पण आम्हाला सवय आहे.

खुंटी आईची. आई शाळेत गणित शिकवते आणि तिला गोल गोल बोलणाऱ्या माणसांचा मनापासून कंटाळा आहे. नवं लग्न झालं तेव्हा बाबा जेवणाच्या टेबलावर तिची उलटतपासणी घ्यायचे. "मीठ तू स्वतः घातलंस, की घातलं असं तुला वाटतं?" एकदा आईने ताट बाजूला सारलं, हातोडी शोधली, जिन्यात जाऊन खुंटी ठोकली आणि सांगितलं, वकिली इथे टांगायची आणि मग वर यायचं. खुंटीच्या वर कोर्टातला एक शब्द चालणार नाही. बाबांनी ते मान्य केलं, पण शेवटी वकीलच ना तो! त्यांनी लगेच आपलं पोटकलम जोडलं: मग घरातलंही काही खुंटीच्या खाली येणार नाही.

नियम चांगला होता. आमच्या घरात कधी आरडाओरडा झाला नाही. माझं प्रकरण येईपर्यंत.

माझं प्रकरण अगदी साधं. कायद्याची पदवी घेतली, सनद मिळाली, आणि सगळ्यांनी गृहीत धरलं होतं तशी मी बाबांकडे ज्युनियर म्हणून लागले. काम आवडत होतं, उगाच खोटं कशाला बोलू? पण मला पुढे शिकायचं होतं. एलएलएम करायचं होतं, जमलं तर त्यानंतर संशोधन. आणि कशावर करायचं हेही मला पक्कं ठाऊक होतं. तसं बहुतेकांना ठाऊक नसतं. माझ्या वर्गातली मुलं विषय निवडताना दुकानात कापड बघतात तशी बघत होती, जरा हे दाखवा, जरा ते दाखवा. मला माझा विषय कोर्टाच्या बाकावर बसलेला सापडला.

ती बाई. तिला आमच्या ऑफिसातले टायपिस्टकाका 'गळकी बाई' म्हणायचे आणि मी त्यांच्यावर डोळे वटारायचे. तिच्या वरच्या मजल्यावरची टाकी फुटली होती आणि तिच्या छताचे पोपडे तिच्या अंथरुणावर पडत होते. ते पोपडे ती बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात भरून आणायची, पुरावा म्हणून. दिवाणी कोर्टात गेली तर कोर्ट म्हणालं, हा इमारतीचा वाद आहे, इमारत लवादाकडे जा, आमच्या हद्दीत येत नाही. लवादाकडे गेली तर लवाद म्हणाला, टाकी ही खाजगी मालमत्ता आहे, दिवाणी कोर्टात जा, आमच्या हद्दीत येत नाही. दोन्हीकडे कुणीही तिला 'तू चूक आहेस' असं म्हणालं नाही. नुसता कागद परत केला, अगदी अदबीने. हे करून घेणारा वकील कोण? वरच्या मजल्याच्या मालकाचा वकील, म्हणजे आमचे सर.

सरांची ख्यातीच ती. वाद जिंकायचाच नाही. वाद सुरूच होऊ द्यायचा नाही. "अगं, निकाल लागला की समोरच्याला अपील करता येतं," ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. "निकालच नसेल तर अपील कशावर करणार? समोरच्याला पाय ठेवायला पायरीच द्यायची नाही." मी ते वाक्य कौतुकाने उतरवून घेतलं होतं. काय सांगू!

लवादानेही कागद परत केला त्या दिवशी सर पुढे निघून गेले आणि मी कागद गोळा करत मागे राहिले. बाई दोन कोर्टांच्या मधल्या बोळात बाकावर बसली होती, मांडीवर तो डबा. मला म्हणाली, "ताई, मला एवढंच सांगा. नाही का नाही म्हणत ते? नाही म्हटलं तर मी रडेन, ओरडेन, घरी जाईन, दुसरं काहीतरी करेन. हे असं लटकत ठेवलेलं मला सोसत नाही." मी तिच्या विरुद्ध पक्षाच्या वकिलाची ज्युनियर. मला तिच्याशी बोलायचीसुद्धा परवानगी नव्हती. मी मान हलवली आणि निघून आले, आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही.

हाच माझा विषय. ज्या तक्रारीला कुठलंच कोर्ट आपलं म्हणत नाही, तिचं काय? दोन दारं एकमेकांकडे बोट दाखवतात तेव्हा मधल्या बोळातल्या माणसाला कायदा काय देतो? मी शोधायला लागले तर लक्षात आलं की फारसं काही देत नाही, आणि त्याबद्दल कुणाला फारसं वाईटही वाटत नाही. मी रविवारी बसून, जुने निकाल चाळून, माझं टिपण तयार केलं आणि विद्यापीठाला पाठवलं.

विभागप्रमुख बाईंनी मुलाखत घेतली. गोड बोलणं नाही, हसणं नाही. माझ्या टिपणातलं तिसरं पान धरून त्यांनी मला चांगलं पिळून काढलं. मला वाटलं, संपलं. शेवटी म्हणाल्या, "भाषा भडक आहे. प्रश्न खरा आहे. जागा देतेय." मी खुर्चीतून उडायचीच बाकी होते. "एक मात्र आहे," त्या म्हणाल्या. "तुमची सनद चालू आहे. चालू सनदेवर सीनियरच्या संमतीशिवाय पूर्ण वेळ शिकता येत नाही, म्हणून तुमच्या सीनियरचं ना-हरकत पत्र लागेल."

"आणि सीनियरने नाही म्हटलं तर?"

"तर नकार लेखी आणा, कारणांसह. आमची समिती ती कारणं तपासते आणि नीट नसतील तर ना-हरकत आपण होऊन देते. तशा मुली याआधी घेतल्या आहेत आम्ही."

"आणि सीनियर काहीच बोलला नाही तर?"

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "तर नियमात काही नाही. जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाते. शुक्रवारपर्यंत कागद आणा. हो आणा, नाहीतर नाही आणा. रिकाम्या हाताने येऊ नका."

म्हणजे बघा. हो चालत होतं. नाहीसुद्धा चालत होतं! मला फक्त दोनातलं एक हवं होतं. आणि ते मागायचं कुणाकडे, तर ज्याने उभ्या हयातीत दोन्ही शब्द टाळले त्याच्याकडे.

सोमवारी सकाळी मी ऑफिसात विचारलं. सर फायलीवर वाकले होते.

"सर, विद्यापीठाचं ते—"

"शिक्षणाचं ना? ते घरचं. घरचं घरी. ही नोटीस बघ जरा."

बरं. संध्याकाळी कोट खुंटीला गेला, बाबा वर आले, पाय पसरून बसले. मी चहा नेऊन दिला. "बाबा, तुला माहितीये ना, ते पत्र—"

"पत्र सीनियरने द्यायचं असतं. ते ऑफिसचं." आणि आईकडे बघून, साळसूदपणे, "वर वकिली नको, हो ना गं?"

आई वह्या तपासत होती. तिने मान वर न करता लाल शाईची एक मोठी फुली मारली. कुणाला मारली देव जाणे.

मंगळवारी परत खाली. "सर, मी पत्राचा मजकूर टाईप करून आणलाय, तुम्ही फक्त सही—"

"वा! मजकूर छान आहे. ठेव तिथे. बघू."

बघू! हा शब्द मी एखाद दिवशी शब्दकोशातून फाडून काढणार आहे. टायपिस्टकाका यंत्रावरचे हात न थांबवता म्हणाले, "सरांचं 'बघू' म्हणजे विहिरीत टाकलेला दगड, पोरी. पडल्याचा आवाजसुद्धा यायचा नाही."

"काका, तुम्ही कुणाच्या बाजूने?"

"मी यंत्राच्या बाजूने," ते म्हणाले.

बुधवारी वर. बाबा गुणगुणत दाढीचा साबण शोधत होता. मी म्हटलं, "बाबा, हो म्हण किंवा नाही म्हण. मला दोन्ही चालेल." त्याने साबण सापडल्यासारखं केलं आणि न्हाणीघराचं दार लावून घेतलं. मी दाराबाहेर आतलं पाणी ऐकत उभी राहिले. आतून गाणं ऐकू येत होतं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी आईला म्हटलं, "एक तर बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर म्हणतात ना, तसं झालंय माझं."

"बापाबद्दल असली म्हण वापरू नये," आई म्हणाली.

"मग तू सांग ना त्याला!"

"मी काय सांगणार? मी बोलले तर म्हणतील, ऑफिसच्या कामात लक्ष घालतेस. माझाच नियम माझ्याच गळ्यात." तिने पुढची वही ओढली. "मी फक्त खुंटीच्या वरचं बोलले होते. खालचं त्यांनी जोडलं. खुंटीपाशी काय चालतं ते मीही बोलले नाही आणि त्यांनीही नाही."

एवढं बोलून ती परत वहीत. गणिताच्या बाईंना पायरी दाखवायची सवय असते, उत्तर आपण काढायचं.

गुरुवारी संध्याकाळी मी ऑफिसातून थोडी आधी निघाले. जिन्याच्या वळणावर आले, अंगातला माझा काळा कोट काढला आणि खुंटीला लावला. खुंटी एकच आहे. मग हातात वही आणि पेन घेऊन वरच्या पायरीवर बसले, वाट अडवून.

सर आले. नेहमीसारखा एक हात बाहीतून काढत, किल्ल्या वाजवत. खुंटीकडे हात गेला आणि तिथेच थांबला.

"कोट कुणाचा हा?"

"माझा."

"काढ."

"काढते. आधी माझं ऐकून घे... घ्या." मला 'तू' म्हणू की 'तुम्ही' तेच कळेना. त्यांचा कोट अर्धा अंगात, अर्धा खाली लोंबत होता. कोट जमिनीवर ठेवणं त्यांच्याच्याने या जन्मात झालं नसतं आणि कोट घालून वर जायची त्यांना परवानगी नव्हती.

"हे आपण खाली बोलू."

"खाली घरचं चालत नाही."

"मग वर चल."

"वर ऑफिसचं चालत नाही. आईला विचारू का?"

वरून आईचा आवाज आला, "मी वह्या तपासतेय. मला साक्षीला बोलावू नका."

सरांनी जिन्याच्या वर पाहिलं, खाली पाहिलं, भिंतीवरच्या खुंटीकडे पाहिलं. आणि मी शप्पथ सांगते, त्यांच्या डोळ्यांत जरा चमक आली. "म्हणजे ही जागा कुणाच्याच हद्दीत नाही, असं तुझं म्हणणं."

"माझं म्हणणं असं की ही दोघांच्याही हद्दीत आहे."

"मुद्दा बरा आहे," ते म्हणाले. "बघू, याच्यावर शांतपणे—"

"बघू नाही!" मी ओरडले. खाली टायपिस्टकाकांचं यंत्र थांबलं. "आठवडाभर मला चेंडूसारखी टोलवताय तुम्ही! वरून खाली, खालून वर! लाज कशी वाटत नाही? त्या बाईला लटकत ठेवलंत, ते पोटासाठी, धंद्याचा भाग, समजू शकते मी. पण मी तुमची अशील नाही आणि तुमच्या विरुद्ध पक्षाचीही नाही. मी मुलगी आहे तुमची! हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. मला नाही चालेल. तुमचं नाही घेऊन मी समितीपुढे उभी राहीन. पण ते तरी द्या."

"म्हणजे नकार अपिलासाठी हवाय."

"हो."

"हे शिकवलं कुणी तुला?"

"तुम्हीच. समोरच्याला पायरी द्यायची नाही म्हणालात. मी पायरीवरच बसलेय आता."

मला वाटलं होतं, चिडतील. आणखी एखादी पळवाट काढतील. त्याऐवजी त्यांनी घसा साफ केला आणि ऑफिसात मजकूर सांगताना उभे राहतात तसे उभे राहिले, एक हात पाठीशी, कोटाची रिकामी बाही खाली लोंबत. "लिही."

मी वही उघडली.

"अर्जदार माझ्या ऑफिसात ज्युनियर वकील म्हणून काम करते. पूर्ण वेळ पदव्युत्तर शिक्षणासाठी तिने माझं ना-हरकत पत्र मागितलं आहे. माझी त्यास हरकत आहे."

मी लिहिलं. आठवडाभर ज्या शब्दासाठी जीव टाकला तो कागदावर आला आणि मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. लागला तो. चांगलाच लागला. माझ्या बापाची माझ्या शिक्षणाला हरकत आहे, हे माझ्याच अक्षरात माझ्यासमोर होतं.

"पूर्णविराम," ते म्हणाले.

"कारण?"

"कारण हवंच का?"

"कारण नसलेला नकार पहिल्याच फटक्यात उडतो. तुमचंच वाक्य आहे."

"हं. लिही. अर्जदाराचा अनुभव अद्याप पुरेसा नाही."

मी पेन उचललं. "परवा गोदामाच्या दाव्यात तुमच्या जागी युक्तिवाद कुणी केला, सर?"

"तू."

"काय झालं?"

"जिंकलीस." थांबून म्हणाले, "चांगली बोललीस. न्यायाधीशांनी मला नंतर विचारलं, कुणाची मुलगी म्हणून."

हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. गोदामाचा दावा म्हणजे ऑफिसचं. आणि कुणाची मुलगी हा प्रश्न घरचा. बसायचं कुठे त्या वाक्याने? मी ते ऐकलं नाही असं दाखवलं. "खोडू?"

"खोड. असं लिही, निवडलेल्या विषयाचा व्यवसायात उपयोग नाही."

"ज्या विषयावर तुमचं अर्धं ऑफिस उभं आहे, त्याचा?"

त्यांना हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं. "तू त्याच्या उलट बाजूने लिहिणार आहेस."

"ती हरकत विषयाला आहे की मला?"

"खोड," ते म्हणाले.

खाली टायपिस्टकाका यंत्राला हात लावत नव्हते, ऐकत होते हे उघड होतं. बाबा—सर—माझ्या खालच्या पायरीवर बसले. कोट एका खांद्यावरून ओघळला, तो त्यांनी मांडीवर गोळा करून घेतला. इतक्या वर्षांत मी त्यांना जिन्यात बसलेलं पाहिलं नव्हतं.

"ऑफिसचं म्हणाल तर दुसरी ज्युनियर मिळेल," मी म्हटलं. माझा आवाज उगाचच उतरला होता.

"मिळेल ना. दहा मिळतील. ऑफिसचं काही नाही." ते कोटाचं बटण फिरवत होते. "कोर्टातून परत आलं की माणसाला सांगावंसं वाटतं. काय झालं, कोण काय म्हणालं, कुठे चुकलो. तुझ्या आईला वर चालत नाही. बरोबरच आहे तिचं, मी तिला फार छळलं होतं. टायपिस्टला काही सांगावं तर तो म्हणतो, टाईप करू का? मग मी कुणाला सांगतच नसे. येताना गाडीत स्वतःशीच बोलायचो. मग तू आलीस. आता येताना तू गाडीत असतेस." बटण त्यांच्या हातात आलं. त्याच्याकडे बघत म्हणाले, "सवय लागली मला."

मी लिहिलं नाही. पेन तसंच टेकून राहिलं आणि कागदावर शाईचा ठिपका पडला.

"लिही की. कारण हवं होतं ना?"

"हे कसं लिहू मी?"

"कायद्याच्या भाषेत. सदर ज्युनियरच्या अनुपस्थितीत माझी व्यक्तिगत गैरसोय होईल."

"हे टिकणार नाही, सर."

"माहितीये मला," ते म्हणाले. "म्हणून तर इतके दिवस लिहून दिलं नाही."

मला राग आला. कुणी म्हणेल, दया आली असेल, माया दाटून आली असेल. ते झालं नंतर. आधी रागच आला, आणि तो असा आला की डोळ्यांतून पाणी काढलं त्याने. एवढंच होतं तर सांगायचं ना! सोमवारी सांगायचं, मी सोमवारी रडले असते. न्हाणीघरात गाणी कसली म्हणत बसला हा माणूस? मी लिहिलं, 'माझी व्यक्तिगत गैरसोय होईल', शब्दाला शब्द, आणि वही त्यांच्यासमोर धरली. त्यांनी सही केली. सफाईदार, तिच्या शेपटीसकट, अगदी कोर्टात करतात तशी.

"तुमचा नकार मिळाला," मी म्हटलं. "आभारी आहे."

मी उठले. खुंटीवरून माझा कोट काढून हातावर घेतला. ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून, त्यांचा कोट झटकला, तुटलेलं बटण खिशात टाकलं आणि कोट खुंटीला लावला. माझ्या बाजूने वाट काढून उरलेल्या पायऱ्या चढले. सगळ्यात वरच्या पायरीवर थांबले, वळले.

"काय गं?" बाबा म्हणाला. "रडतेस काय? कोण काय बोललं तुला?"

मी नाक पुसलं. "खालचा तो वकील."

"काय म्हणाला?"

"नाही म्हणाला."

"कारण दिलं का?"

"त्याची गैरसोय होते म्हणे."

"हात्तिच्या! असल्या कारणावर पोरीला अडवतात होय?" बाबाने कठड्यावर हात आपटला. त्याचाही आवाज धड नव्हता. "सोडू नकोस त्याला. अपील कर. आणि पहिला मुद्दा गैरसोयीचाच घे, विषयाबिषयाचं मागे टाक. सीनियरची गैरसोय हे ज्युनियरच्या अर्जाविरुद्ध कारण होऊच शकत नाही. तो माणूस वस्ताद आहे, पण इथे उघडा पडलाय. मी सांगतो—"

"वर वकिली चालू आहे का?" आतून आई.

बाबा दचकला. लहान मुलासारखा गप्प झाला, हात अजून कठड्यावर. आई दारात आली. हातात लाल पेन, कानामागे केस, आणि ती सगळं ऐकत होती हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच्याकडे पाहत राहिली. मग खुर्ची ओढून दाराशीच बसली.

"काय झालं आज कोर्टात?" ती म्हणाली.

बाबाने खुंटीकडे पाहिलं. कोट तिथेच होता. "आत्ता?"

"आत्ता."

"बघू, जेवताना—"

"बघू नाही. आत्ता सांगा."

तो तिच्यासमोर, उंबऱ्यातच, खाली बसला आणि सांगू लागला. आधी अडखळत, मग भराभर. मी घडी केलेला कागद माझ्या कोटाच्या खिशात ठेवला, कोट अंगात घातला आणि अपिलाचा पहिला मुद्दा लिहायला खाली गेले.